आ-श्याचं लाल-हिरवं

आमच्या गावात कुणी "जेवलात का?" असं विचारलं, तर त्याला "जेवलो" एवढंच उत्तर आहे. दुसरं उत्तर नाहीच. भल्या सकाळी विचारा, भर उन्हात विचारा, समोरचा माणूस उपाशीपोटी कालवं फोडत बसलेला असो, तो "जेवलो" म्हणणार. विचारणारा तोवर पुढे गेलेलाही असतो. तो काही तुमच्या पोटाची चौकशी करत नव्हता, रामराम करत होता. उद्या कुणी खरंच म्हणालं, "नाही हो, कालपासून काही खाल्लं नाही," तर विचारणारा भर रस्त्यात गोठून उभा राहील. ह्या रीतीपायीच आ-श्याचा बाप गेला, असं माझं मत आहे. माझं मत मी तोंडावर सांगते, म्हणून मला गावात फारसं कुणी बोलावत नाही. न बोलावेनात!

मी आ-फेन. समुद्रदेवीच्या देवळामागं आमचं भोजन केंद्र आहे, तिथला स्वयंपाक माझ्याकडे. गावातली पोरं सगळी ताइपेला नाहीतर ताइचुंगला, आणि म्हातारे इथं एकेकटे, खाडीतल्या कालवांच्या बांबूंकडे बघत बसलेले. त्यांना आम्ही रोज दुपारचा डबा घरपोच देतो. भात, मासा, रताळ्याचा पाला, कधी मसाल्यात शिजवलेलं डुक्कर. केंद्र धर्मादाय आहे, पण माझ्या हातची चव धर्मादाय नाही, हे आधीच सांगून ठेवते.

गोष्ट मात्र आ-श्याची आहे. लाय चुन-श्या हे तिचं पूर्ण नाव, पण ते फक्त सरकारी कागदावर. आ-श्या ताइचुंगला बुटांच्या कारखान्यात हापिसात होती. लग्न केलं नाही. आई गेल्यावर बाप इथं एकटा राहायचा, म्हणून ती रोज संध्याकाळी न चुकता फोन करायची.

"बाबा, जेवलात का?"

"जेवलो, जेवलो. तू तुझं काम कर."

नव्या वर्षाच्या सणाला ती घरी आली, बापासमोर बसून जेवली. तो वाळला होता, हे तिला दिसलं. पण म्हातारी माणसं वाळतातच, असं म्हणून तिनं सोडून दिलं. वसंतात शेजाऱ्यांनी दार फोडलं. डॉक्टर म्हणाले, किती तरी महिने हा माणूस पेजेच्या पाण्यावर आणि सिगारेटींवर होता. तांदळाचं पिंप काठोकाठ भरलेलं, तिनंच पाठवलेल्या तांदळानं. ते पिंप दाखवूनच तो आमचा डबा नको म्हणायचा. आदल्या संध्याकाळीही फोनवर तो "जेवलो" म्हणाला होता.

क्रियाकर्म आटोपल्यावर ती परत गेलीच नाही. बापाच्या घरात राहिली आणि एक दिवस माझ्या चुलीपाशी येऊन उभी राहिली.

"फेन ताई, मला काही काम द्या. भांडी घासीन. फक्त कोण कसं आहे ते बघायला मला पाठवू नका."

"का गं? पायाला मेंदी लागलीय?"

"मला दिसत नाही, ताई. बाबा समोर बसले होते, मला दिसलं नाही."

 मी तिला भोपळा चिरायला बसवलं.

पुढं ताइपेच्या एका कंपनीनं आमच्यासारख्या संस्थांना सवलतीत एक प्रोग्राम दिला. माहितीचं विश्लेषण करणारा, असं शिकवायला आलेला मुलगा म्हणाला. आम्ही त्याला लाल-हिरवं म्हणायचो. काम सोपं होतं. आज डबा दिला की कालचा डबा परत येतो. तो उघडायचा, आणि सगळं संपलंय, अर्धं उरलंय की तसंच आहे, ते कॉम्प्युटरमध्ये टाकायचं. म्हाताऱ्यांना काही विचारायचं नाही, कारण विचारून उत्तर काय येणार ते ठरलेलंच! रोजच्या डब्यांवरून प्रोग्राम दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येकाच्या नावाला रंग द्यायचा. हिरवा म्हणजे ठीक. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. लाल म्हणजे हातातलं टाकून जा.

ते काम आ-श्यानं मागून घेतलं. डबे उघडायला बसली की ती एखाद्या पुजाऱ्यासारखी गंभीर व्हायची. शिकवणारा मुलगा म्हणाला, चाचणीसाठी एक खोटं नाव टाका. हिला खोटं नाव सुचेना, तर हिनं स्वतःचंच टाकलं. "मी पण एकटीच राहते की," म्हणाली. ते नाव पुढं कुणी काढलं नाही. दुपारी आपल्या टेबलावर बसून ती माझ्याकडचाच डबा खायची आणि शेवटी आपलीही नोंद करायची. मी हसायचे. "अगं, तुझं तू लिहितेस, मग रोज 'संपलं' लिही नि मोकळी हो." तर म्हणे, "नाही ताई, मशीनशी खोटं कसं बोलायचं?" म्हणजे माणसांशी चालतं, मशीनशी नाही. घ्या!

आमचे अध्यक्ष को ह्यांनी मात्र पहिल्याच आठवड्यात घोळ घातला. त्यांचं खिळ्यांचं आणि रंगांचं दुकान, आणि दुकानातल्या टीव्हीवर दिवसभर शेअर बाजार. आमच्याकडच्या बाजारात भाव चढला की आकडा लाल होतो आणि पडला की हिरवा. लाल म्हणजे लाभ, लाल म्हणजे लग्न, लाल म्हणजे नवं वर्ष. तर झालं काय, वेन आजोबांचं नाव लाल झालं आणि हे महाशय संत्र्यांची पिशवी घेऊन त्यांच्या दारात हजर.

"अभिनंदन आजोबा! अख्ख्या गावात तुम्ही एकटेच लाल!"

आजोबांनी तोंडावर हात धरून संत्री घेतली. मागून आ-श्या धापा टाकत पोचली तेव्हा उलगडा झाला. कालवांच्या तराफ्यावर आजोबांना जोराची शिंक आली आणि कवळी समुद्रात गेली. लाजेनं कुणाला सांगितलं नाही. भात तसाच परत यायचा, सूप तेवढं संपायचं. प्रोग्रामनं ते टिपलं. आ-श्या आजोबांना दातांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली, आणि परत आल्यावर माझ्या स्वयंपाकघरात बसून रडली. आनंदानं रडली, हे कळायला मला वेळ लागला. "मला दिसलं नसतं, ताई. त्याला दिसलं," असं सारखं म्हणत होती.

तेव्हापासून ते लाल-हिरवं तिचे डोळे झालं. मला ते आवडायचं नाही, उगाच खोटं कशाला बोलू. माझ्या मते म्हाताऱ्याचं तोंड बघितलं की कळतं. पण माझं मत बरोबर असतं, तर तिचा बाप मेला नसता. मीही त्याला देवळात रोज बघतच होते.

तर यंदा उन्हाळ्यात कॉम्प्युटरवर कंपनीचं पत्र आलं. आ-श्यानं मोठ्यानं वाचलं. आपल्या दीर्घ स्नेहाबद्दल कंपनी कृतज्ञ आहे. समाजसेवी संस्थांसाठीच्या ह्या सेवेचा प्रवास आता नव्या टप्प्यात पदार्पण करत आहे. सध्याचं स्वरूप क्रमाक्रमानं विश्रांती घेईल. आपल्या सुखद स्थलांतरासाठी कंपनी सदैव सोबत आहे.

"छान आहे की," अध्यक्ष म्हणाले. "पदार्पण आहे, स्नेह आहे."

"अहो, हे मयताचं पत्र आहे," मी म्हणाले. "विश्रांती घेईल म्हणे! माझी सासू अशीच विश्रांती घेत होती."

आ-श्यानं पत्र पुन्हा वाचलं. मग पुन्हा. तिचा चेहरा उतरला. "ताई, म्हणजे बंद होणार का चालू राहणार?"

"फोन कर आणि विचार."

तिनं फोन केला. आम्ही सगळे ऐकत होतो. पलीकडे एक मुलगी होती, आवाज असा की कानात पाक ओतावा.

"बंद होणार आहे का हो?"

"बंद नाही मॅडम. टप्प्याटप्प्यानं मागं घेतोय."

"म्हणजे बंदच."

"तसं म्हणता येणार नाही."

"मग चालू राहील?"

"तसंही म्हणता येणार नाही, मॅडम."

मी आ-श्याच्या हातातून फोन ओढला. "बाई, एक सांग. दुकानाचं शटर खाली येतंय. माझी मान आत आहे का बाहेर?"

"तुमचा प्रश्न मी संबंधित विभागाला कळवते," ती म्हणाली आणि फोनमधून वाद्यं वाजायला लागली.

संबंधित विभागातला माणूस म्हणाला, जुनी आवृत्ती जाणार, नवी येणार, काळजी नको. त्यानंतरचा म्हणाला, नवी आवृत्ती आहे, पण ती समाजसेवी संस्थांसाठी आहे की नाही ते अजून ठरायचंय. तिसरी कुणी म्हणाली, तुमच्या भागाचं सगळं ताइनानचे एजंट योउ बघतात, त्यांना विचारा. योउ म्हणाले, "मला कंपनीनं काहीच सांगितलेलं नाही. तुम्हाला काही कळलं तर मलाही सांगा ना, ताई."

आता बोला! कशाचा कशाला पत्ता नाही. अध्यक्षांनी ताबडतोब उपाय केला. नारळाच्या चवीच्या कुरकुऱ्यांची हिरवी पुडी आणून कॉम्प्युटरवर ठेवली. हे आमच्याकडे बँकेपासून इस्पितळापर्यंत सगळे करतात, म्हणजे मशीन शहाण्यासारखं वागतं. पुडी हिरवीच लागते, लाल ठेवली तर मशीन बिघडतं.

"बघ आ-फेन," अध्यक्ष म्हणाले, "मशीनला हिरवं चांगलं, माणसाला लाल चांगलं."

"तुमचं रंगांचं दुकान तेवढं इथं मांडू नका," मी म्हणाले.

आ-श्या हसली नाही. डबे उघडता उघडता मध्येच थांबायची. एकदा मला म्हणाली, "ताई, हे बंद झालं आणि कुणी जेवायचं थांबलं, तर मला कोण सांगणार?"

"मी सांगीन. डोळे आहेत मला."

"बाबांच्या वेळी पण सगळ्यांना होते."

ते मला लागलं, आणि मी पातेलं जरा जोरातच आपटलं. पण खोटं कुठं होतं?

आठवड्याभरानं योउंचा फोन आला. नवीन काहीतरी आहे म्हणे, आणि आपली सगळी माहिती त्या नव्या घरी हलवावी लागेल. कंपनीनं तारीखही दिली होती. अध्यक्षांनी भिंतीवरचं चंद्राचं कॅलेंडर बघितलं आणि कपाळाला हात लावला. तारीख नेमकी सातव्या महिन्यातली.

सातव्या महिन्यात मेलेली माणसं पृथ्वीवर येतात. त्यांना आम्ही भुतं म्हणत नाही, 'चांगले भाऊ' म्हणतो, म्हणजे रागावत नाहीत. त्या महिन्यात कुणी लग्न करत नाही, नवं दुकान उघडत नाही, आणि घर तर अजिबात हलवत नाही. हलवलं तर कोण सोबत येईल काय सांगावं.

"ह्या महिन्यात घर हलवायचं नाही," अध्यक्ष म्हणाले.

"अध्यक्ष, ते घर म्हणजे घर नाही. कॉम्प्युटरची माहिती आहे," आ-श्या म्हणाली.

"त्यात वारलेल्यांचीही नावं आहेत ना? त्या लिन आजींचं, त्या बोटवाल्या काकांचं? मग त्यांना ऐन त्यांच्या महिन्यात हलवायचं? तूच सांग."

आ-श्यानं हातातला डबा झाकला. तिच्या बापाचं नाव त्या यादीत नव्हतं, तो आधीच गेला होता. पण ती ज्या घरात राहते तिथं तो ह्या महिन्यात येतो, हे तिलाही पक्कं वाटतं. रोज त्याच्यासाठी वाढून ठेवते.

मी योउंना फोन लावला. म्हटलं हा शिकलेला माणूस, हा तरी अध्यक्षांना समजावेल. तर तो म्हणतो, "ताई, खरं सांगू का, ह्या महिन्यात मीही कुणाचं हलवत नाही. माझी आई मला घरात घेणार नाही. महिना संपू दे, मी स्वतः येतो."

"आणि तारीख?"

"तारीख पुढं ढकलतील बहुतेक."

"बहुतेक म्हणजे?"

"म्हणजे ढकलतील असं मला वाटतं. तुम्हाला काय वाटतं?"

मला काय वाटतं! मला वाटलं, फोनमधून हात घालून ह्याचा कान पिळावा. तारीख अशी आली आणि अशी गेली. प्रोग्राम सकाळी उघडला, रंग दिसले. दुसऱ्या दिवशी उघडला नाही. तिसऱ्या दिवशी उघडला, पण वर एक पट्टी होती, 'धन्यवाद' एवढंच लिहिलेली. कशाबद्दल धन्यवाद, देव जाणे. चालू आहे का बंद, हे आम्हालाच काय, मला वाटतं कंपनीलाही कळत नव्हतं.

आणि आ-श्याचं डोकं फिरलं ते इथं. उद्या रंग दिसतील का नाही ह्याचा भरवसा नाही, म्हणून तिनं स्वतः दारोदार जायला सुरुवात केली. संध्याकाळी स्कूटर काढायची आणि एकेका म्हाताऱ्याकडे जाऊन नुसती बसायची. तोंडाकडे बघत राहायची. त्यांनाही अवघड व्हायला लागलं. वेन आजोबांनी मला विचारलं, "ही पोर माझ्याकडे अशी काय बघते? माझं काही खरं नाही का?"

दुपारी जेवायच्या वेळेत ती कंपनीला फोन लावायची, कारण तेव्हा म्हणे लाइन लवकर मिळते. कानाशी फोन, फोनमध्ये ती वाद्यं, आणि समोर डबा झाकलेला. मी तिच्या टेबलावरून जाता येता विचारायचे, "जेवलीस का गं?"

"जेवले, ताई."

मी पुढं निघून जायचे. चुलीवर रस्सा असायचा, मला काय कमी काम होतं?

सातव्या महिन्याच्या पौर्णिमेला केंद्राबाहेर आम्ही मोठी पूजा मांडतो. टेबलांवर अख्खी कोंबडी, मासे, फळं, बिस्किटांचे पुडे, आणि जाळायला कागदी नोटा. चांगल्या भावांनी पोटभर खावं आणि जिवंत माणसांच्या वाटेला जाऊ नये, एवढंच मागणं. त्या दिवशी माझे दोन्ही हात कामात असतात आणि तोंड शिव्यांत. आ-श्या सकाळी आली नाही. असं कधी होत नाही. तिनं फोन केला.

"फेन ताई, पोट जरा बरं नाही. आज पडून राहते."

"राहा, राहा. जेवलीस का?"

"जेवले."

मी फोन ठेवला आणि कोंबडीच्या चोचीत अननसाचा तुकडा खोचायला लागले. अध्यक्ष आत कॉम्प्युटरपाशी गेले होते. पूजेच्या दिवशी मशीनवर नवी पुडी ठेवायची त्यांची रीत. आतूनच ओरडले, "आ-फेन! चालू आहे गं आज! रंग आलेत!"

"बरं झालं. ती टेबलं पुढं ओढा."

"सगळे हिरवे. वेन आजोबा पिवळे. आणि बघ बघ, आपली आ-श्या! एकटी लाल! एवढी राबते पोर, तिला मिळायलाच हवं."

मी हातातला अननस तिथंच टाकला. आत गेले. पडद्यावर खरंच तिचं नाव होतं, लालभडक. अध्यक्ष हसत होते. मी त्यांना म्हटलं, "ह्याच्या आधीचं दाखवा. तिचे डबे दाखवा." त्यांनी इकडं तिकडं दाबून कसंबसं उघडलं. तसंच. तसंच. तसंच. अर्धं. तसंच. किती दिवसांचं, ते मला मोजवलं नाही. सगळं तिनंच लिहिलेलं. माझ्या नाकासमोर बसून, मला "जेवले" म्हणून, मशीनला खरं सांगत होती.

"अहो मूर्ख माणसा!" मी अध्यक्षांना म्हणाले. "लाल म्हणजे काय ते अजून तुमच्या डोक्यात शिरत नाही?" म्हणाले खरं, पण राग माझा मलाच आला होता. चांगल्या भावांसाठी ठेवलेल्या पातेल्यातून सरळ पेज काढली. त्यांना म्हटलं, माफ करा, हिला आधी लागणार आहे. डबा बांधला, स्कूटर काढली.

तिचं घर बंदाऱ्याकडच्या गल्लीत. दार आतून लावलेलं. तेच दार, नवं बिजागर घातलेलं.

"आ-श्या! उघड."

"ताई? तुम्ही कशाला आलात? पूजा आहे ना?"

"दार उघड आधी."

"मी बरी आहे, ताई. जेवले, जेवले. तुम्ही तुमचं काम करा."

 आवाज तिचा होता, शब्द मात्र कुणाचे होते हे अख्ख्या गल्लीला माहीत आहे. पलीकडच्या ओट्यावर कालवं फोडत बसलेली म्हातारी हातातली सुरी थांबवून माझ्याकडं बघायला लागली. मी दारावर थाप मारली नाही, लाथ मारली. "आ-श्या, हे दार एकदा फोडलंय आम्ही. पुन्हा फोडायला लावू नकोस."

 मग कडी सरकली.

ती दाराला धरून उभी होती. मी रोज बघत होते तीच आ-श्या, पण मला आत्ता दिसली. सदरा खांद्यावरून घसरत होता. गालफडं बसलेली. एका हातात फोन, आणि फोनमधून अजून ती वाद्यं वाजत होती.

"आज सुट्टीचा दिवस नाही ना, लाइन लागेल म्हटलं," ती म्हणाली.

मी तिला धरून बापाच्या खुर्चीत बसवलं. समोर देवळीपाशी बापासाठी वाढलेलं ताट होतं, मासा, भात, पाला, सगळं नीट मांडलेलं. त्याच्यासाठी रांधायला तिला सुचलं होतं. मी पेज वाटीत ओतली आणि चमचा तिच्या हातात दिला. तिनं तो नुसता धरून ठेवला, म्हणून परत घेतला आणि मीच भरवायला लागले. दोन घास गेले आणि ती रडायला लागली.

"तुम्हाला कुणी सांगितलं, ताई?"

"तुझ्या लाल-हिरव्यानं."

ती रडता रडता थांबली. "मी लाल झाले?"

"भडक. अध्यक्ष तर अभिनंदन करायला निघाले होते."

तिला हसू आलं, मग पुन्हा रडू आलं. "परवा पिवळी दिसले होते. म्हटलं, ती तर चाचणीची नोंद आहे." तोंड पुसून म्हणाली, "मला भूकच लागत नव्हती. मला वाटलं, मी बघत नसताना कुणीतरी जाईल. मग ताई, बाबांना पण अशीच भूक लागत नसेल का?"

मी पुढचा चमचा तिच्या तोंडाशी धरला. म्हटलं, "गिळ आधी."

एवढ्यात फोनमधली वाद्यं थांबली. "नमस्कार, थांबल्याबद्दल आभारी आहोत. मी आपल्याला काय मदत करू शकते?" तोच पाकातला आवाज. आ-श्यानं फोनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी फोन उचलला.

"बाई, तुमचा तो प्रोग्राम चालू ठेवा," मी म्हणाले.  "इथं आत्ता त्याच्यामुळं एक माणूस जेवतंय."

"मॅडम, आपला अभिप्राय मी संबंधित विभागाला..."

मी फोन बंद केला. बराच वेळ भरवत बसले, पण वाटी काही संपली नाही. अर्धीच संपली. केंद्रावर परत गेल्यावर तिच्या नावापुढं नोंद करायला मी पहिल्यांदाच त्या कॉम्प्युटरसमोर बसले. काय दाबायचं ते कळेना, म्हणून तिला फोन लावला. म्हटलं, पेज होती, त्यामुळं संपली असंच लिहिते. तर पलीकडून बारीक आवाजात म्हणते, "अर्धी उरली होती, ताई. खोटं लिहू नका."

महिना संपल्यावर योउ आले. लॅपटॉप उघडून दिवसभर बसले, माझ्या हातचं दोनदा जेवले आणि म्हणाले की थोडी माहिती हलली आहे, थोडी हलायची आहे, आणि नवं घर आपल्याला मिळणार की नाही ते वरून कळेल. त्यानंतर कंपनीचं आणखी एक पत्र आलं. त्यात विश्रांतीचा दुसरा टप्पा आहे. अध्यक्ष म्हणतात ही बढती आहे. प्रोग्राम काही सकाळी उघडतो, काही सकाळी नुसतं 'धन्यवाद' म्हणतो. आम्हाला अजूनही काही कळलेलं नाही. कुणाला कळलं तर कृपा करून आम्हाला सांगा.

आ-श्या आता रोज येते, डबे उघडते, जमेल तेव्हा नोंदी करते. दुपारी फोन लावत नाही. तिचा डबा घेऊन मी तिच्या टेबलासमोर खुर्ची ओढून बसते. चुलीवरचा रस्सा उतू जायचा तर जावो. दोन-चार घास झाले की तिचं लक्ष कुठंतरी जातं, ती झाकण लावते आणि उठायला लागते.

"जेवले, ताई."

"झाकण काढ," मी म्हणते. "दाखव."